रब्बींचं म्हातारपण, अण्णांचा दोर

४ ऑक्टोबर, शनिवार

घेतलं काम! पुण्याच्या प्रकाशक बाईंना हो म्हणून टाकलं. निरनिराळ्या धर्मांनी म्हातारपणाकडे कसं बघितलं, यावर त्या जाडजूड संग्रह काढताहेत. सोपे धर्म विद्वानांनी आधीच पळवले. माझ्या ताटात उरलं ते प्राचीन ज्यू गुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या, वाङ्मयातलं म्हातारपण. इंग्रजीतून मराठीत, चाळीस पानं, पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यायची. "तुमची भाषा खुसखुशीत आहे, म्हणून तुम्हालाच विचारलं." म्हणजे दुसरं कोणी मिळालं नाही.

ज्यू माणूस मी आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. म्हातारी माणसं मात्र पुष्कळ पाहिलीत. निम्मी पात्रता झाली.

दर रविवारी नगरच्या पेपरात लोकांची उणीदुणी काढत एकवीस वर्षं झाली. भिंगारच्या बाजारात मला बघून आठवड्यातून एकजण तरी रस्ता बदलतो. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांवर लिहायचं म्हणजे केवढी सुटका! त्यांच्यातला कोणी दारात येऊन "आमच्याबद्दल असं का छापलं?" म्हणणार नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

हे रब्बी म्हणजे पारावरची माणसं! एकाने काहीतरी ठासून सांगायचं, दुसऱ्याने ते तोडायचं, तिसऱ्याने दोघांनाही एक गोष्ट सांगायची. आणि वाद न मिटवताच सगळे पुढच्या विषयावर! मी उगाच घाबरले होते. मला वाटलं, उपदेश असेल.

वयाचं एक कोष्टक आहे त्यांच्यात. पन्नाशी सल्ला द्यायची. साठीला म्हातारपण. सत्तरीला पांढरे केस. ऐंशीला — बळ! नव्वदीला कंबर वाकते आणि शंभरीला माणूस गेल्यातच जमा.

मी एक्कावन्न. म्हणजे सल्ला द्यायचा परवाना गेल्या वर्षी मिळाला. त्याआधीची वीस वर्षं धंदा विनापरवाना.

रविराजला वाचून दाखवलं. नवरा माझा, लष्कराच्या कचेरीत कारकून. समोर कागद आला की आधी चूक शोधतो. "ऐंशीला बळ? छपाईची चूक असणार. बघ परत." बघितलं. बळच आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी निकिताचा फोन. आमच्या माहेरच्या गावची सरपंच. वय चौतीस, बोलणं मऊ, काम कडक.

आमचं गाव हिवरे बाजारच्या पलीकडे. त्यांचं बघून आमच्याही गावाने सव्वीस वर्षांपूर्वी एक पद्धत घातली. पावसाळा संपला की बारा विहिरी मोजायच्या, पाणी काठापासून किती फुटांवर आहे ते. बाराची सरासरी काढायची. वीस फुटांच्या आत पाणी असलं तर कांदा लावायला परवानगी. त्याहून खोल गेलं तर कांदा बंद, ज्वारी आणि हरभरा. मोजणारा माणूस पहिल्यापासून एकच — माझे वडील. कानिफनाथ अण्णा, वय ऐंशी. साधन म्हणजे एक सुती दोर. फुटाफुटावर गाठ, टोकाला दगड. दगड पाण्याला टेकला की दोर हातात हलका होतो. मग वर ओढत बोटांनी गाठी मोजायच्या.

निकिता म्हणाली, "रोहिणीताई, रागावू नका. अण्णांची एक गाठ सुटते."

दोन वर्षं झाली म्हणे! अण्णा सकाळी मोजून जातात. दुपारी अमजद, जो मोटारी दुरुस्त करतो, तो टेप घेऊन त्याच बारा विहिरी पुन्हा मोजतो. अण्णांना पाणी नेहमी वर दिसतं, टेपला खाली. वहीत अमजदचा आकडा जातो. अण्णांना कोणी काही बोललेलं नाही.

"दोन वर्षांत कुणीच नाही?"

"कसं बोलायचं, ताई? मला शाळेत घालायला माझ्या बापाशी भांडलेले अण्णा ते. आणि खरं सांगू? आम्ही सभेत आकडा वाचून दाखवतो ना, तेव्हा ते मान हलवतात. आपलाच आहे असं समजून."



यंदा अडचण अशी, की अण्णांचा आकडा घरातून फुटला. माझ्या धाकट्या भावाने, भीमाने, तो गावभर केला. अण्णांची सरासरी साडेएकोणीस, टेपची साडेवीस. मधोमध वीसची रेघ! कांदेवाले म्हणतात अण्णांचाच आकडा धरा. आता सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत निकिताला उभं राहून सांगावं लागणार, की अण्णांना मोजता येत नाही. दोनशे माणसांत.

"त्याआधी तुम्ही त्यांना समजवा ना. दोर त्यांनी स्वतःच खाली ठेवला तर बरं."

लोकांची फजिती करायचे पैसे घेते मी. हे मला जमेल असं हिला कसं वाटलं?

१० ऑक्टोबर

एक रब्बी सांगतात, म्हातारा वाकून चालतो तो न हरवलेली वस्तू शोधत. दोन तास या वाक्यावर बसले. आधी हसू आलं. नंतर नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

गावी जाऊन आले. ठरवून गेले होते, सांगायचंच.

अण्णांबरोबर तीन विहिरींवर फिरले. पुढे ते, मागे मी. ऐंशीचा माणूस बांधावरून चालतोय आणि एक्कावन्नची बाई धापा टाकतेय. विहिरीच्या काठावर बसून त्यांनी दोर सोडला. मी श्वास धरून त्यांची बोटं बघत होते — गाठ सुटते का? अठरा, एकोणीस... मी मनात मोजत होते आणि माझंच मोजणं चुकलं! हसावं की रडावं?

"काय बगती गं येवढं?"

"काही नाही. थकत नाही का तुम्ही?"

"थकतो की. मंग बसतो."

जेवताना भीमाने विचारलं, "अक्का, सध्या काय लिव्हती?" म्हटलं, रब्बींवर. "झ्याक! मंग लिव्ह की, कांदा लावू द्या म्हून!" त्याला वाटलं, हंगामाचं लिहितेय. ज्यू गुरू म्हणून समजावलं तर म्हणाला, त्यांच्याकडं कांदा व्हतो का?

हाच भीमा गेल्या दिवाळीत मला कुजबुजत सांगून गेला होता, की अण्णांचं डोकं आता पयल्यासारखं न्हाई. पण कांदा लावायचा म्हटलं की अण्णांसारखा हुशार माणूस तालुक्यात नाही!

अण्णांना मी रब्बींची गोष्ट सांगितली. म्हटलं, हिच्या आडून विषय काढू. एक मुलगा बापाला पुष्ट कोंबड्या खाऊ घालायचा. बापाने विचारलं, बाळा, आणतोस कुठून? मुलगा म्हणाला, म्हाताऱ्या, कुत्री कशी गुमान खातात, तसा गुमान खा. हा मुलगा नरकात गेला. दुसरा गरीब, दळणाची गिरणी चालवणारा. राजाने वेठीला माणसं बोलावली. तो बापाला म्हणाला, तुम्ही इथे माझ्या जागी दळा, तिथे मी जातो. मार पडला, अपमान झाला, तर माझा होऊ दे. बापाला जात्याला जुंपलं, तरी हा स्वर्गात गेला.

अण्णा हसले. "पन त्या दुसऱ्या म्हाताऱ्याला इचारलं का कुनी, दळायचंय का तुला म्हून?"

याच्यावर रब्बींकडे उत्तर नाही. मी शोधलं.

आणि विषय राहिला. एस.टी.त बसल्यावर इतकं हलकं वाटलं, की स्वतःची लाज वाटली.

१३ ऑक्टोबर

दोन वर्षं सगळं गाव अण्णांना कोंबडी खाऊ घालतंय, आणि गुमान खा म्हणतंय. फक्त हात जोडून.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं पान अवघड. आजाराने किंवा वयाने आपली विद्या विसरलेल्या म्हाताऱ्याला जपा, असं त्यांचं सांगणं. का? तर देवाने आज्ञा कोरून दिलेल्या दगडी पाट्या एकदा फुटल्या. तेव्हा नव्या पाट्यांच्या पेटीतच फुटक्याही ठेवल्या. टाकल्या नाहीत.

सुंदर आहे. भाषांतर पहिल्या झटक्यात उतरलं. पण एक शंका. फुटक्या पाटीला कोणी विचारलं का, की बाई, तू फुटली आहेस हे तुला माहीत आहे का? अण्णांनी परवा विचारलं तसंच. मी त्यांच्यासारखी बोलायला लागले!

निकिताचे तीन मिस्ड कॉल. एकही उचलला नाही.

२० ऑक्टोबर

दिवाळी. चकल्या मऊ. रब्बी बंद.

२६ ऑक्टोबर, रविवार

झाली सभा. आजच लिहायचं.

अण्णांना सकाळी एकटं गाठायचं म्हणून पहिल्या गाडीने गेले. तर अण्णा घरात नाहीत! विहिरींवर गेलेले. थेट सभेलाच आले, पायाला चिखल, खांद्यावर दोर. मला बघून म्हणाले, "तू कशी काय? पेपरात आमची खोड काढाया आली व्हय?"

शाळेच्या पटांगणात बसलो. पहिला तासभर रस्ता आणि गटार. मग पाणी. निकिताने आकडा वाचला, साडेवीस. लगेच मागून आरडाओरडा. आणि सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा? आमच्या बंधूंचा.

"साडेवीस कसं काय? अण्णांनी मोजलंय साडेएकोनीस! सव्वीस वर्सं त्यांचा आकडा चालला, आन् आताच काय झालं? सरपंचबाई, सांगा ना, काय झालं?"

निकिता उभी. माइक हातात. अमजद खाली मान घालून टेपची मूठ फिरवत बसला. आणि सगळं पटांगण गप्प — कारण भीमा सोडून प्रत्येकाला माहीत होतं काय झालं ते. भीमालाही होतंच.

मी उठणार होते. देवाशपथ उठणार होते. काय बोलणार होते ते ठाऊक नाही.

अण्णा उठले. माइक घेतला नाही; त्यांना लागत नाही.

"टेपचा आकडा धरा."

भीमा म्हणाला, "अण्णा, तुमी खाली बसा."

"तू बस. ऐका समदी. माझी बोटं बधिर झाल्यात. गाठ मोजाया गेलं की येखादी निसटती. मला कळतंय ते. अमजदचं मोजाप खरं. कांद्याचं पुढल्या साली बगू." आणि निकिताकडे वळून, "लिव्ह बाय, साडेवीस."

बसले.

पाच मिनिटांत ठराव पास. ज्वारी आणि हरभरा. निकिता डोळे पुसत होती आणि तसं दाखवत नव्हती. अमजद अण्णांच्या पाया पडायला वाकला, तर म्हणाले, "आरं ऊठ, टेप चिखलात लोळतोय."

भीमा घरी न जेवता कुठेतरी निघून गेला.

आणि मी? सुटले! सतरा दिवस छातीवर धोंडा होता, तो उतरला. कोणाला बोलावं लागलं नाही. त्यांना कळत होतं! आपलं काय चाललंय ते अण्णांना कळत होतं, यापरतं मला काही नको.

रब्बींचा एक नियम कालच उतरवला. लोकांनी म्हाताऱ्याला बघून उभं राहावं, हे खरं. पण म्हाताऱ्यानेही लोकांना उगाच त्रास देऊ नये. गर्दी टाळून लांबच्या वाटेने जावं, म्हणजे कोणाला उठावं लागणार नाही. आज अण्णा लांबच्या वाटेने गेले.

२९ ऑक्टोबर, बुधवार

अण्णांना चार दिवसांसाठी भिंगारला आणलं. बोटं डॉक्टरांना दाखवू म्हटलं, तर म्हणतात, "बोटांनी आता काय पेटी वाजवायचीय का?" दोर पिशवीत घालून बरोबर आणलाय. कशाला, विचारलं नाही.

गॅलरीत बसून हुलगे निवडून दिले. रविराजशी गप्पा मारत, ताटाकडे न बघता, नुसत्या बोटांनी. रात्री हुलग्याचं माडगं केलं. एकही खडा दाताखाली आला नाही. रविराज म्हणाला, तू निवडतेस तेव्हा निदान तीन असतात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटची चार पानं. त्यात एक ऐंशी वर्षांचा सरदार. राजा म्हणतो, चला, राजवाड्यात माझ्याजवळ राहा. म्हातारा हात जोडतो. ऐंशीचा झालो महाराज, जेवणाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज कानाला लागत नाही, तुमच्यावर कशाला भार? किती नम्र, किती करुण. मी पदर डोळ्याला लावायच्या बेतात. आणि पुढच्याच ओळीत एक रब्बी म्हणतात, खोटं बोलत होता!

पुरावासुद्धा देतात. एका मोठ्या गुरूच्या घरी ब्याण्णव वर्षांची मोलकरीण होती. भांड्यात काय शिजतंय त्याची चव रोज तीच बघायची. मग ऐंशीला याची जीभ कशी गेली?

मोठ्याने हसले. स्वयंपाकघरातून अण्णांनी विचारलं, "काय झालं गं?"

आणि हसता हसता थांबले. हुलगे!

निकिताने मागे मोबाईलवर पाठवलेलं पान उघडलं. बारा विहिरी, दोन रकाने, एक अण्णांचा, एक अमजदचा. मी आजवर फक्त खालची सरासरी बघितली होती. आता एकेक ओळ बघितली. सतरा – अठरा. बावीस – तेवीस. साडेएकोणीस – साडेवीस. बाराच्या बारा ठिकाणी फरक एक फूट. ना पाऊण, ना दीड!

विसरणारा माणूस एखाद्या विहिरीवर बरोबर येईल, एखाद्यावर दोन गाठी खाईल. बारा वेळा मोजून एकच गाठ? म्हातारपणाला इतकी शिस्त नसते.

१ नोव्हेंबर, शनिवार

अण्णांना गावी सोडायला गेले, आणि त्यांना घरी टेकवून तशीच अमजदच्या दुकानात. म्हटलं, टेप बघू जरा. "बगा की ताई. च्या सांगतो," म्हणून तो बाहेर गेला.

कापडी टेप, जुना. कोणाकडून तरी घेतलेला. पाण्यापर्यंत सरळ जावा म्हणून टोकाला लोखंडी नट बांधलेला, त्याच्यावर काळ्या चिकटपट्टीचे वेढे. पर्समधून माझा शिवणाचा टेप काढून शेजारी धरला. त्याच्या टेपवर पाच फूट म्हणतात तिथे माझा चारच फूट म्हणतो. पट्टी उचकटली. खाली टेप कापलेला! पहिला फूट आधीच्या मालकाकडेच तुटून गेलाय. हा सुरूच होतो एकपासून.

म्हणजे दोर खरा. टेप पाणी आहे त्यापेक्षा फूटभर खोल दाखवतो, आणि दोन वर्षं गावाला पाणी होतं त्याहून कमी वाटतंय. अण्णांची एकही गाठ सुटलेली नाही! दोर आणि टेप एकदा जमिनीवर शेजारी ठेवले असते, तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण त्यासाठी कोणीतरी अण्णांना तोंडावर म्हणायला हवं होतं, तुमचं चुकतंय. इतका आदर होता की कोणी म्हटलंच नाही. आणि बिचाऱ्या अण्णांना एवढ्या लोकांच्या गप्प बसण्याने स्वतःचीच बोटं खोटी वाटायला लागली!

अमजद चहा घेऊन आला. त्याला अजून बोलले नाही. आधी अण्णांना. मग निकिताला. मग भीमाला, तो तर नाचेल. मग रविवारच्या पेपरात सगळ्या गावाची खरडपट्टी, आणि त्यात सगळ्यांच्या आधी माझी.

मुक्काम इथेच. अण्णा लवकर झोपलेत. झोपू देत. सकाळी सांगते. किती दिवसांनी इतकं बरं वाटतंय!

२ नोव्हेंबर, रविवार

अण्णांना माहीत होतं. दोन वर्षांपासून!

"पयल्याच साली लावला हुता त्येचा टेप माझ्या दोराला. फूटभर खोटा हाय."

मग बोलला का नाहीत? दोनशे माणसांत बोटं बधिर झाली म्हणून सांगितलंत! सगळं गाव तुम्हाला म्हातारचळ लागला म्हणतंय!

"म्हनू दे. पानी कमी हाय म्हनलं की मानसं जपून वापरत्यात. दोन उन्हाळं झालं, टँकर आला का गावात?"

नाही आला.

"मंग जा, त्या नटाची पट्टी नीट गुंडाळून ये. उचकटली आसशील तू."